ओझी उचलणाऱ्याचं वजन

ताई : बस. आधी खाली बस बघू. मला इथे सुया टोचलेल्या, डायलिसिसच्या मशीनला बांधलेली मी, आणि तू आपला येरझाऱ्या घालतोयस. बघून बघून मान दुखली माझी.

भाऊ : बसलो की पाय वळतात.

ताई : पाय वळतात की चक्कर येते?

भाऊ : चक्कर कोण म्हणालं?

ताई : पैलवानाचा फोन आला होता.

भाऊ : पैलवानाचा? तुला?

ताई : मला. तुमच्या टेम्पोवर सामानाच्या दुसऱ्या टोकाला असतो तोच ना पैलवान? ‘ताई, रागावू नका, पण काल तिसऱ्या मजल्यावरनं कपाट उतरवताना तुमच्या भावाच्या हातून वरचं टोक सुटलं.’ अंगठा चेचलाय त्याचा.

भाऊ : चेचला नाही काही. नख गेलंय फक्त.

ताई : फक्त! अरे, तो खालच्या पायरीवर होता. अंगठ्याच्या जागी छाती असती तर?

भाऊ : हाताला घाम होता.

ताई : मला नको शिकवूस. इतकी वर्षं लोकांची घरं हलवतोयस, घाम काय काल पहिल्यांदा आला? जेवला काय होतास?

भाऊ : जेवलो होतो.

ताई : काय, ते विचारतेय.

भाऊ : काकडी.

ताई : आणि?

भाऊ : आणखी एक काकडी.

ताई : देवा! काकडी खाऊन हा कपाटं उचलतोय.

भाऊ : हळू बोल. सुया टोचलेला तो हात हलला की मशीन बोंबलतं. मग ती नर्स येते आणि माझ्याकडेच बघते.

ताई : बघू दे. डॉक्टर काय म्हणाले होते? सावकाश उतरवा म्हणाले होते ना वजन?

भाऊ : सावकाश म्हणायला त्यांचं काय जातं? आणि तू आता आरडाओरडा करू नकोस, कारण झालंय काम. आज सकाळी वजन केलं त्यांनी माझं. बसलो मी किडनी देणाऱ्याच्या मापात.

ताई : काय सांगतोस?

भाऊ : मग! रक्त घेतलं, लघवी घेतली. आता तारीख देतील. माझी एक किडनी तुला, की सुटलीस तू या खुर्चीतनं.

ताई : खरंच बसलास मापात? अजून दोन महिने तरी लागतील म्हणाले होते. म्हणजे आता लगेच… नाही. थांब. इकडे ये. तोंड दाखव. डोळे किती आत गेलेत रे तुझे!

आहारतज्ज्ञ : (आत येत) बरं झालं, दोघं एकत्रच सापडलात. मी तुम्हालाच शोधत होते, दादा. बाहेर बाकावर बसा म्हटलं होतं ना?

भाऊ : मॅडम, तारीख मिळाली?

आहारतज्ज्ञ : नाही. आणि इतक्यात मिळणारही नाही.

भाऊ : म्हणजे? वजन बसलंय की!

आहारतज्ज्ञ : वजन बसलंय, माणूस नाही बसला. तुमच्या लघवीत कीटोन सापडलेत. शरीर उपाशी असलं की ते असं उमटतं. चरबी उतरली काय आणि अंगातलं मांस उतरलं काय, काट्याला दोन्ही सारखंच. डॉक्टरांना नाही ना सारखं. आम्हाला शस्त्रक्रियेनंतर दोन माणसं चालत घरी पाठवायची आहेत, एक नाही.

ताई : ऐक. ऐक जरा.

आहारतज्ज्ञ : दिवसाला किती कॅलरी खात होता?

भाऊ : फोनवर एक अ‍ॅप आहे. वय, उंची, वजन टाकलं की ते आकडा देतं. पंधराशे दिला.

आहारतज्ज्ञ : आणि काम काय करता, ते टाकलं होतं?

भाऊ : विचारलं होतं त्यानं. पण त्यात सामान हलवणं नव्हतंच कुठे. मी पहिलं जे दिसलं ते दाबलं.

आहारतज्ज्ञ : पहिलं काय होतं?

भाऊ : बैठं काम.

ताई : बैठं काम! फ्रिज पाठीवर घेऊन जिने चढतो, आणि बैठं काम!

आहारतज्ज्ञ : तेवढं खाल्लंत तरी गोष्ट या थराला गेली नसती. खरं सांगा, पंधराशे तरी खात होतात का?

भाऊ : आधी खात होतो. मग निम्मं केलं.

आहारतज्ज्ञ : का?

भाऊ : लवकर व्हावं म्हणून.

आहारतज्ज्ञ : आता मी सांगते तसं करायचं. पहिले पंधरा दिवस वजन उतरवायचंच नाही. नीट जेवायचं.

भाऊ : वाढेल ना ते!

आहारतज्ज्ञ : थोडं वाढेल. वाढू दे. मग कामाच्या दिवशी चोवीसशेच्या आसपास, सुट्टीला जरा कमी. दर आठवड्याला माझ्याकडे काट्यावर यायचं. अर्धा किलो उतरलं तर तेच चालू ठेवायचं. नाही उतरलं तर किंचित कमी करू. जास्त उतरलं, तर खाणं वाढवायचं.

भाऊ : वाढवायचं?

आहारतज्ज्ञ : वाढवायचं. आकडा तुमच्या अंगाकडे बघून बदलतो, तुमच्या घाईकडे बघून नाही. आणि जड उचलणं तूर्त बंद.

भाऊ : मग मी करू काय? टेम्पो चालवू?

आहारतज्ज्ञ : डोकं गरगरतंय तोवर तेही नाही.

ताई : बांधाबांध कर. काचेची भांडी कागदात गुंडाळत बस. तेवढं तरी खरंच बैठं काम होईल.

भाऊ : तुला थट्टा सुचतेय. मॅडम, अशानं तीन महिने जातील. तेवढ्यात काही झालं तर?

आहारतज्ज्ञ : यांची तब्येत स्थिर आहे. डॉक्टरांनी मला तसं स्पष्ट सांगितलंय, तुम्हालाही सांगतील.

भाऊ : सगळ्यांची स्थिरच असते. एक दिवस येऊन बघावं तर खुर्ची रिकामी.

ताई : कुठली खुर्ची?

भाऊ : काही नाही.

ताई : कुठली खुर्ची, ते सांग.

भाऊ : ती खिडकीजवळची. तुझ्याबरोबर मशीनवर असायचे त्या पोस्टमास्तरांची. गेल्या महिन्यात आलो तर तिथे दुसराच माणूस. चादर नवी. तू पण त्यांचं नाव काढेनाशी झालीस. मी समजलो काय समजायचं ते. त्या दिवसापासून निम्मं केलं.

ताई : अरे, पोस्टमास्तर सकाळच्या पाळीला येतात आता!

भाऊ : काय?

ताई : त्यांच्या सुनेची कामाची वेळ बदलली. दुपारी त्यांना आणायला कोणी नसतं, म्हणून सकाळ मागून घेतली.

भाऊ : म्हणजे आहेत?

आहारतज्ज्ञ : चांगले आहेत. कालच पंख्यावरून सगळ्या खोलीशी भांडले.

भाऊ : मग मला सांगितलं का नाहीस, ताई?

ताई : तू विचारलंस का?

भाऊ : विचारलं असतं, आणि तू ‘हो, गेले’ म्हणाली असतीस तर?

ताई : (मोकळ्या हाताने पदर डोळ्यांना लावते.)

भाऊ : रडू नकोस. ते यंत्र वाजेल.

ताई : वाजू दे मेलं. तू आलास की मी पहिलं काय विचारायचे? ‘किती उतरलं?’ कसा आहेस, हे नंतर. कधी कधी तेही नाही. तुझी पँट दोनदा आत घेतली मी. शिवणकामात जन्म गेला माझा, कंबर इतक्या लवकर उतरत नाही हे मला कळत नव्हतं? कळत होतं. टीप मारताना बरंसुद्धा वाटत होतं.

भाऊ : त्यात काय चुकलं? जगायचंय माणसाला.

ताई : तुला बाजूला सारून नाही जगायचं मला.

भाऊ : तू म्हणतेस थांब. पण थांबायचं तुलाच आहे ना, इथे, या सुया टोचून घेत.

ताई : थांबेन. गिऱ्हाइकांना मी काय कमी थांबवलंय? आता माझी पाळी. पण एक ऐक, असाच उपाशी राहिलास तर मी किडनी घेणार नाही. डॉक्टरांना तोंडावर सांगेन, याची नको.

भाऊ : धमकी देतेस?

ताई : देतेय.

आहारतज्ज्ञ : दादा, आज घरी जाण्याआधी कँटीनमध्ये जा. दोन अंडी, पाव आणि दूध. एकदम भराभर खाऊ नका, पोट आवळलेलं असेल. बाकीचं मी उद्या समजावते.

(आहारतज्ज्ञ बाई निघून जातात. थोड्या वेळाने भाऊ ताट घेऊन परत येतो आणि खुर्ची ओढून ताईच्या जवळ बसतो.)

ताई : खा.

भाऊ : इथे? तुझं पाणीसुद्धा घोट घोट मोजून, आणि मी तुझ्यासमोर दूध पिऊ?

ताई : माझ्यासमोरच. नाहीतर बाहेर जाऊन कुणाला तरी देऊन येशील.

भाऊ : पैलवानाला फोन करतो आधी. अंगठा कसा आहे विचारतो.

ताई : खाऊन झाल्यावर विचार.

भाऊ : सोलता येत नाही गं हे अंडं.

ताई : इकडे धर. हा हात मोकळा आहे माझा. हं, घे.

भाऊ : अजून किती वेळ आहे तुझं मशीन? संपायच्या आत आटपतो मी.

ताई : सावकाश खा. मी कुठे चाललेय?