आठवणीच्या झाडांखालची माती

लोहाऱ्यातल्या माझ्या माणसांनो, गेलेल्यांच्या नावाने लावलेली झाडंसुद्धा आपल्याकडे जगत नाहीत. हे दुःख या मांडवातल्या प्रत्येक घराचं आहे. आज निर्मलाताईंसाठी जमलो आहोत. समोर त्यांचा फोटो, शेजारी त्यांच्या नावाचं कडुलिंबाचं रोप.

आपली रीत ठाऊक आहे. घरातलं माणूस गेलं की वस्तीमागच्या मैदानात त्याचा कडुलिंब लावायचा. हिंदू असो, मुसलमान असो, रांग एकच. पाणी घालायला गॅरेजवाले सलीमभाई. गेल्या महिन्यात रांग वाळली, तेव्हा तुम्ही त्यांना काय काय बोललात! ते बघा, मान खाली घालून बसलेत.

सलीमभाई, मान वर करा. ताई गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत, ते आज मी सगळ्यांना सांगतो.

ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या यजमानांचंही झाड त्या रांगेत. एकदा त्या म्हणाल्या, "सलीमभाई, आमचे साहेब काही बुटके नव्हते. मागच्या साली झाड कमरेला लागत होतं, यंदा गुडघ्याला कसं?"

"मॅडम, तुमाले वाईट वाटन म्हून बदललं. ते वाळलं होतं."

"आणि बाकीची?"

"सगळ्याईचीच बदलून राह्यलो."

प्रेमाने केलं हो! पण त्या प्रेमाखाली विष झाकलं गेलं.

ताईंनी रांगेतलं पुन्हा वाळलेलं एक रोप उपटून भाईंना मूळ दाखवलं. आखूड, काळपट, तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. मग अंगणात पिशव्या भरल्या. काहींत बोरी अरब गावच्या शेतातली माती, काहींत मैदानातली. बी एकाच झाडाचं. दोन्हीकडे उगवलं. सलीमभाई खूश. "पाहा, माती चांगलीच हाय!"

ताई म्हणाल्या, "थांबा. बी पहिली पानं स्वतःच्या शिदोरीवर काढतं. मातीतलं खाऊ लागलं की बघू."

आणि तसंच झालं. शेतातली वाढली. मैदानातली पिवळी पडून खुंटली.

मैदानाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती. शेड बंद झाली, मालक गेला. पण बॅटऱ्यांतून मातीत मुरलेलं शिसं कुठे जाणार? ते कुजत नाही, आटत नाही. माती तपासा म्हणून ताईंनी कलेक्टर कचेरीत अर्ज केला. तिथले साहेब आले, गाडीतूनच बघितलं. "मॅडम, झाडं तर हिरवीगार आहेत!" हिरवीच असणार. नुकतीच बदललेली होती ना!

त्या दिवशी ताई म्हणाल्या, "भाई, आता बदलू नका. मरू द्या."

"लोकाईले काय सांगू?"

"खरं सांगा."

ते त्यांना सांगवलं नाही. तुमच्या शिव्या खाल्ल्या, पण एकही रोप बदललं नाही. ताई मात्र ती वाळलेली रांग साहेबांना दाखवायच्या आधीच गेल्या.

त्याच मैदानात आपली लेकरं मातीत खेळतात आणि त्याच हातांनी भाकर खातात. रोप पिवळं पडून सांगतं तरी. लेकरू काय सांगणार? आणि आपण वाट कशाची बघतोय?

आता उभे राहू. ताईंसाठी क्षणभर गप्प राहू.

बसा. ताईंचं हे रोप आज मैदानात लावायचं नाही. उद्या सकाळी प्रत्येक घराने आपल्या माणसाच्या वाळलेल्या झाडाखालची माती फावड्याने पिशवीत भरायची, आणि ती घेऊन कलेक्टर कचेरीच्या दारात यायचं.