महीच्या कोतरातली हजेरी

नाव: सुनेत्रा गोविंदराव शिर्के. वय ६१. धंदा: भूगोलाची निवृत्त शिक्षिका. राहणार वाडी, बडोदे. तारीख १२ जानेवारी १९९७, रविवार.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही एकाच शाळेतले निवृत्त शिक्षक सिंधरोटजवळ मही नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, चालायला जातो. वाट मी दाखवते. आज आम्ही चौघे होतो: मी, ड्रॉइंगचे लक्ष्मीकांत राजे, पी.टी.चे उदयसिंहराव आणि संस्कृतच्या अहल्याबाई.

कोतरातली वाट अरुंद आहे. एकामागे एक चालावे लागते, मागे वळले की पाय घसरतो. म्हणून दर वळणावर मी पुढे पाहतच हजेरी घेते. गणिताचे सुभानराव मागच्या दिवाळीत वारले. त्यांचे नाव मी अजून काढलेले नाही. ते नाव आले की कोणीही एक जण "हजर" म्हणतो. हे कोणी ठरवले नव्हते, तशी रीत पडून गेली.

तिसऱ्या वळणावर, सुमारे साडेदहाला, मी लक्ष्मीकांतांचे नाव घेतले. मागून "हजर" आले. आवाज उदयसिंहरावांचा होता, हे मला कळले होते. तरी मी पुढे चालले. एकाची हजेरी दुसऱ्याने लावायची आम्हाला सवयच झालेली.

नदीवर पोचलो तर आम्ही तिघेच. विचारल्यावर उदयसिंहराव म्हणाले, "अहो बाई, ते झाडीत गेले होते, येतीलच म्हणून मी म्हटलं. मेलेल्याची हजेरी चालते, मग जिवंताची लावली तर काय बिघडलं?" यावर मी काय बोलले ते लिहू नये.

दोन तास शोधले. लक्ष्मीकांतांना साखरेचा त्रास आहे. मी फार घाबरले होते. पीसीओवरून त्यांच्या मुलाला, उत्कर्षला, फोन केला. उत्कर्षने ठाण्यात खबर दिली.

सव्वातीनला पोलिसांसह आम्हाला लक्ष्मीकांत दुसऱ्या वळणावर झाडीआड असलेल्या एका रबारी, म्हणजे गुरे राखणाऱ्या, कुटुंबाच्या झोपडीत सापडले. वाट चुकल्यावर रबारणीने त्यांना "काका, बेसो" म्हणून बसवून घेतले होते. ते रोटला-ताक जेवून बकरीचे चित्र काढत होते. मला म्हणाले, "इतका उशीर? तुमचे रोटले गार झाले की!" मला रडूही आले आणि हसूही.

यापुढे त्याच्या वडिलांना कधीही नेणार नाही अशी लेखी हमी उत्कर्ष माझ्याकडून मागतो. लक्ष्मीकांत त्याला म्हणाले, "मला विचारलंस का रे?" चूक माझी आहे. यापुढे तोंड बघून हजेरी घेईन, एवढे लिहून देते. पण पत्नी गेल्यापासून ते महिनाभर ह्या एका रविवारची वाट पाहतात. तो मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही.

जमादार विश्रामभाईंनी हे मोठ्याने वाचले. नाव येईल तसे बाहेरच्या बाकावरून तिघांनीही "हजर" म्हटले. विश्रामभाई हसले. सुभानरावांच्या नावाला मात्र पोलिसांपुढे कोणी बोलेना. मग "हजर" ऐकू आले. तो उत्कर्ष होता. आठवी ते दहावी त्याला गणित सुभानरावांनी शिकवले होते. हमीचा कोरा कागद त्याने घडी करून खिशात घातला.

हेही लिहा, असे मी सांगितले, ते लिहिले. सगळे मी ऐकले, सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून खाली सही करते.

सौ. सुनेत्रा गो. शिर्के