धाकट्याची कुरकुर

(बाहेरची खोली. चपलांच्या कपाटावर एक काळा डबा: घरचा लिनक्स सर्व्हर, लाडाचं नाव ‘धाकटा’. त्याच्यापाशी बाप आणि लेक.)

लेक : एक डिस्क गेली, बाबा. आज नाही, केव्हाच. आपल्याला कळतंय आज.

बाबा : अगं, मग तुझ्या आईनं गायलेली गाणी?

लेक : दुसऱ्या डिस्कवर आहेत, सगळी. आईनं हा बांधतानाच प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे ठेवली होती. नवी डिस्क लावलीय, तिच्यावर कॉपी चाललीय.

बाबा : हुश्श! जीव टांगणीला लागला होता. पण याला तोंड नाही का? सांगायचं की, बरं नाही म्हणून.

लेक : सांगत होता ना. रोज मेल लिहीत होता.

बाबा : कुणाला?

लेक : स्वतःलाच. बाहेर पाठवायची सोयच नाही. लिहितो आणि पोटात ठेवतो. आई रोज चहा पिताना उघडून वाचायची.

बाबा : “बघू, धाकट्याची आज काय कुरकुर आहे!” मला वाटायचं, गंमत करते.

लेक : ती गेल्यावर वाचणारं कुणी उरलंच नाही.

बाबा : तू एवढी कॉम्प्युटरवाली!

लेक : आणि तुम्ही रोज त्याच्या नाकाखाली चपला काढता.

बाबा : बरं, फिट्टंफाट. आता काय करायचं?

लेक : एक तर अख्खा मेल सर्व्हर. येणारे, जाणारे, सगळे मेल घरातच.

बाबा : भारी वाटतंय.

लेक : वाटतं. पण रोज राखण करत बसावं लागेल, आणि घरून निघालेले मेल बाहेरचे सर्व्हर बऱ्याचदा घेतच नाहीत. नाहीतर एक छोटा प्रोग्राम. तो फक्त पाठवतो. मेल तुमच्या नेहमीच्या खात्याकडे सोपवतो, पुढचं ते खातं बघतं.

बाबा : म्हणजे मोरीचा पाइप. आतलं बाहेर, बाहेरचं आत नाही.

लेक : शी! पण हो, तसंच.

बाबा : शी काय? बापानं तेच पाइप बसवले, त्यावर शिकलीस तू. छोटाच बसव. उगाच सांधे वाढवले की मग गळती शोधत बसा.

लेक : पाठवणाऱ्याचं नाव?

बाबा : धाकटा. दुसरं काय?

लेक : आणि मेल माझ्याकडे?

बाबा : तुझ्याकडे का? राहतो माझ्याकडे!

लेक : पाठवला बघा. आला?

बाबा : छे.

लेक : स्पॅममध्ये बघा.

बाबा : ते कुठं असतं... आलाय गं! कर्जवाला आणि टक्कलवाला यांच्या मधे बसलाय बिचारा! “मी ठीक आहे. धाकटा.”

लेक : काढा त्याला तिथून. ‘स्पॅम नाही’ दाबा.

बाबा : दाबलं. याला उत्तर देऊ?

लेक : त्याला मिळायचं नाही. मोरीचा पाइप!

बाबा : अगदी आईवर गेलाय. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं नाही.

लेक : बाबा! ... कॉपी व्हायला वेळ आहे. तोवर एखादं गाणं लावू तिचं?

बाबा : नको. आधी नीट दोन्हीकडे होऊ दे.

लेक : ऐकता ना तुम्ही अधूनमधून?

बाबा : नाही गं. ती गेल्यापासून एकही ऐकलेलं नाही. ते राहिलंय.