डावा हात

(बमरोलीतलं घर, संध्याकाळ. चहा निवलेला, नवराबायको समोरासमोर. मोरीतल्या रिकाम्या बादलीत नळाचं पाणी तडतडू लागतं.)

भूपेंद्र : पाणी आलं. आता तू पण तोंड उघड. मालतीबाईंना काय सांगून आलीस?

जयश्री : सांगितलं, माझ्या पहिलीच्या पोरांना मी असलं काही शिकवणार नाही.

भूपेंद्र : मोठ्या बाईंना? तोंडावर?

जयश्री : पाठीमागे सांगून काय उपयोग?

भूपेंद्र : पण त्यांचं म्हणणं तरी काय?

जयश्री : उद्या साहेब तपासणीला येणार. प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा. येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. आपण उजव्यालाच उठवायचं. साहेब खूश.

भूपेंद्र : डोकं आहे हां बाईंना. आमच्या मिलच्या फोल्डिंग खात्यात तेच चालतं. माल बघायला पार्टी आली की फ्रेश कापडाचा ताका वर, डागी खाली.

जयश्री : आणि पार्टीने खालचा उलगडला की?

भूपेंद्र : माल रिटर्न. दुसरं काय?

जयश्री : अहो, माझा माल रिटर्न येत नाही. वाचता न येताच दुसरीत जातो.

भूपेंद्र : एका दिवसाचं नाटक आहे, जयू. ह्याच तपासणीवर तुझं नाव जायचंय ना, शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्यांत? सचिन, कडोदरा, सगळ्या गावांतल्या शाळांत मॅडम म्हणून फिरशील. केव्हापासून घोकतेयस.

जयश्री : अजूनही हवंय मला ते.

भूपेंद्र : मग?

जयश्री : मग त्या शिक्षकांना काय शिकवू? कुठला हात वर करायचा ते?

भूपेंद्र : तुझ्याशी बोलायचं म्हणजे ना...

जयश्री : नोकरीला लागले तेव्हा वाटलं, पहिलीला शिकवायचं त्यात काय मोठं? आता दर जूनला शिकवायचं कसं ते मीच नव्याने शिकते. पोराच्या घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, पाटीवर मराठी. कोण कुठे अडलंय तेच मला दिसलं नाही, तर मी शिकणार कशी?

भूपेंद्र : तू? तू आता काय शिकायची राहिलीस?

जयश्री : मागच्या ट्रेनिंगला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, कळलं का सगळ्यांना? सगळ्या हो म्हणाल्या. मी म्हटलं, नाही कळलं.

भूपेंद्र : अरे देवा.

जयश्री : परत समजावलं त्यांनी. चहा लांबला म्हणून बाकीच्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

भूपेंद्र : आणि उद्या साहेबांनी नाव कापलं तर?

जयश्री : कापू देत. माझ्या वर्गात येत असेल तोच हात वर करील. दोन झाले तर दोन. बाकीच्यांना मी साहेबांसमोर शिकवीन. आमचं काम काय असतं ते बसून बघू दे त्यांना.

भूपेंद्र : आपली स्नेहा दुसरीत मालतीबाईंच्याच वर्गात आहे. विसरलीस?

स्नेहा : (आतल्या खोलीतून येत) आई.

जयश्री : तू चित्र काढत होतीस ना गं?

स्नेहा : आज बाईंनी आमची हातांची प्रॅक्टिस घेतली. पण मला उसन्याची वजाबाकी येतच नाही. मी उद्या काय करू, आई?