मुक्कामाच्या चपला

दादा : परत घातलेस ते कापडी बूट बॅगेत? मी काढून ठेवले होते.

भिंगरी : म्हणूनच परत घातले. माझ्या बॅगेला हात लावू नकोस.

दादा : अगं, चालायचे बूट वेगळे आहेतच ना. मुक्कामाला पोचल्यावर तंबूभोवती फिरायला परत बंद बूट कशाला? दिवसभर डोंगर चढून पाय उकडलेले असतात, त्यांना वारा लागायला हवा. ही स्लीपर बघ. फोमची, मागे पट्टा, ओढ्यात पायातून निघायची नाही. हातात तरी घे, पिसासारखी आहे.

भिंगरी : बोटं उघडी राहतात. ठेच लागली तर?

दादा : तू ठेचेला कधीपासून भ्यायला लागलीस?

भिंगरी : वर थंडी असते.

दादा : मग मोजे घालून घाल.

भिंगरी : मोज्यावर स्लीपर? ध्यान दिसेन.

दादा : तिथे कोण बघायला बसलंय?

भिंगरी : लीडरताई. ट्रेक तीच नेते, सगळं बघते.

दादा : टूथब्रशचा दांडा कापलास. टॉवेल फाडून अर्धा केलास, आईच्या शिव्या खाल्ल्यास. चार दिवस वजन, वजन करून घर डोक्यावर घेतलंस. आणि आता हे दोन धोंडे खुशाल नेतेस?

भिंगरी : पाठ माझी, ओझं माझं.

दादा : आणि शब्द माझा. पोरगी तिखट आहे पण कामाला वाघ आहे, असं मी सांगितलंय तिला. शाळा सोडलीस. बेकरीत आठवडाभर टिकलीस आणि मालकाच्या अंगावर पीठ ओतून आलीस. उद्याचा ट्रेक नीट झाला तर ती कायमची मदतनीस म्हणून ठेवणार आहे तुला.

भिंगरी : माहितीये. म्हणूनच तर.

दादा : म्हणूनच तर काय?

भिंगरी : काही नाही. चेन लावू दे.

दादा : थांब. ही एकदा पायात घालून दाखव, मग ने तुझे धोंडे.

भिंगरी : घातली. झालं?

दादा : ही डावी. उजवी?

भिंगरी : दोन्ही पाय सारखेच असतात.

दादा : भिंगरे, मोजा काढ.

भिंगरी : आई येईल.

दादा : आई गच्चीवर कपडे वाळत घालतेय. काढ.

(मोजा टाचेला चिकटलेला. ती ओठ चावत सोडवते.)

दादा : अरे देवा. हे कधी झालं?

भिंगरी : परवा. चालायचे नवे बूट लवकर मऊ व्हावेत म्हणून गरम पाण्यात बुडवले. आणि ओलेच घालून जिने चढले. पाठीवर विटा घेऊन. सराव म्हणून.

दादा : हा शहाणपणा कुणी शिकवला?

भिंगरी : कुणी नाही. डोकं चालवलं.

दादा : टाच सोलून निघालीये पार. आणि आईला पत्ता नाही.

भिंगरी : मुक्कामाला लीडरताई पाहुण्यांना बसवून टाचा तपासते. आम्हा मदतनिसांच्या नुसत्या येता-जाता बघते. बंद बुटात तिला दिसणार नाही.

दादा : आणि खिंडीत पोचल्यावर पाय टेकेनासा झाला की? तिथे गाडी जात नाही. पाहुण्यांचं सामान कोण उचलणार, आणि तुला कोण?

भिंगरी : कर तिला फोन. कर ना.

दादा : मी नाही करणार. उद्या गाडीत बसायच्या आधी तूच दाखव.

भिंगरी : घरी पाठवेल.

दादा : पाठवेल. किंवा पट्टी बांधून खालच्या तळावर भांडी घासायला ठेवेल. मला काय माहीत?

भिंगरी : आई म्हणेल, झालं, हेही नाही जमलं.

दादा : म्हणेल.

भिंगरी : आणि ती दुसरी मुलगी घेईल.

दादा : घेईलही. तुला खोटा धीर कशाला देऊ?

(भिंगरी बॅग पुढ्यात ओढते.)

दादा : काय करतेस?

भिंगरी : दिसत नाही? चेन उघडतेय. धर तुझे धोंडे. आणि दे ती स्लीपर.

दादा : मोजा नको चढवू आता. उघडी राहू दे टाच.

भिंगरी : बॅग काट्याला लावून बघ ना.

दादा : बरीच उतरली. आता अख्खा टूथब्रश घेतलास तरी चालेल.