बादलीत निवडलेला मासा

हसू नका, पण मी लूर बाथरूमच्या बादलीत निवडला. लूर म्हणजे गळाला लावायचा प्लॅस्टिकचा मासा. काही तरंगतात, काही बुडतात. जिताडा मासा खोल पाण्यात असतो, म्हणून बादलीत बुडलेला घेऊन उत्तनच्या किनाऱ्यावर गेलेलो. बायकोने बजावलेलं, "आज रिकामा आलास, तर रॉड माळ्यावर."

समुद्रात टाकला, तर हा वरच तरंगतोय! हात हलवत घरी आलो, तिला सगळं सांगितलं.

तिने त्याच बादलीत नळाचं पाणी भरून लूर सोडला, मूठमूठ मीठ टाकलं, रस्सा चाखावा तसं चाखलं. तळातला लूर हळूच वर आला.

"डोंबिवलीच्या नळाला समुद्र येतो का रे?"

मी रॉड घेऊन स्टुलावर चढलो.

"उतर खाली. पुढच्या रविवारी मी येते. मिठाचा अंदाज तुला कधीच नव्हता."