निरोगी गटातली थोरली जाऊ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतील सर्व शास्त्रज्ञ, आणि यातलं काही कळत नसूनही कौतुकाने पहिल्या रांगेत बसलेले आमचे घरचे लोक,

आज ज्या निवृत्त होत आहेत, ज्यांना आपण 'मॅडम' म्हणता, ती आमची धाकटी. मी तिची थोरली जाऊ. शिलाईचं दुकान चालवते.

जावा एकमेकींकडे काय मागतात? फार तर वाटीभर साखर. हिने मागितलं रक्त! रक्तातल्या प्रथिनांवरून स्तनाच्या कर्करोगाची चाहूल लागते का, हे तिला शोधायचं होतं. तुलनेसाठी धडधाकट बायकाही हव्या होत्या. पुरुष नकोत म्हटल्यावर आमच्या यजमानांना समाजसेवेचा केवढा उमाळा आला! 'अगं, दे की,' म्हणाले. मी दिलं, आणि निरोगी गटात निवड झाली म्हणून चार घरी मिरवलेही.

पुढे एके दिवशी ही दुकानात आली. मी बाही कापत होते.

"वहिनी, छातीची तपासणी करून घ्या."

"तुझं यंत्र बिघडलंय."

"मलाही तसंच वाटलं. पुन्हा लावून पाहिलं. नाव पाहायची रीतसर परवानगी काढली, तेव्हा कळलं नमुना तुमचा आहे."

"म्हणजे मला कॅन्सर झालाय?"

"माहीत नाही. साध्या सुजेनेही प्रथिनं वाढतात. माहीत नाही, म्हणूनच म्हणते."

मी म्हटलं, ठणठणीत आहे मी, जा. ती गेली नाही. स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बटणं लावत बसली. इतकी वाकडी लावली, की धंदा वाचवण्यासाठी तरी मला उठावंच लागलं!

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहिलंत. आटोपतेच.

गाठ निघाली. हाताला लागणारही नाही, एवढीशी. तपासणीच्या खोलीबाहेर मी रडले नाही, ही रडली. मीच तिची समजूत घातली. मग शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि आज मी आपल्यासमोर खणखणीत बोलते आहे.

पण मी कुठे म्हटलं, 'हिने मला वाचवलं,' की ही लगेच दटावते, "एका वहिनीवरून काही सिद्ध होत नाही." खरंच आहे. तीच प्रथिनं वाढलेल्या दुसऱ्या एका बाईंना काहीच नव्हतं. उगाच त्यांची झोप उडाली, याचं हिला माझ्या गाठीइतकंच वाईट वाटलं. त्यानंतर एका प्रथिनावर विसंबायचं नाही, अनेक एकत्र पाहायची, असं तिनं ठरवलं. ते काम अजून चालू आहे. परवा म्हणाली, "वहिनी, अर्धवट टाकून निघाले हो."

मी म्हटलं, "अगं, तुझ्या अर्धवटात मी सबंध राहिले."

मला इथे उभं केलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि शास्त्रात काही चुकलं असेल तर... बघा, उठलीच ती! बसते मी.